डावा पुढे

“ह्याका मी बोर्ड देवचंय नाय,” हेमांगी तांडेल म्हणाली. बोलणे अमोघविषयी होते, पण ती बघत होती माझ्याकडे.

वेंगुर्ल्याच्या खाली, एका लहानशा किनाऱ्यावर, माडाच्या झापांनी शाकारलेले तिचे दुकान होते. दुकान म्हणजे चार खांब, एक बाकडे आणि आडव्या बांबूला टेकवून उभे केलेले सर्फबोर्ड. चाळिशीची, उन्हाने रापलेली, खणखणीत आवाजाची बाई. कर्नाटकच्या किनाऱ्यावर जाऊन ती सर्फिंग शिकून आली होती आणि सुट्टीवर आलेल्या लोकांना बोर्ड भाड्याने देत होती. गिऱ्हाइकांशी ती पुस्तकी मराठी बोले. मनातले बोलायचे झाले की मालवणीवर येई.

“का नाही?” अमोघने विचारले.

“का म्हणजे? पाय बघितला मी तुझा.”

“रबरी पाऊल आहे. पाण्यात चालतं. बाबांनी पट्ट्याचं बकलसुद्धा स्टेनलेसचं बसवलंय, गंजत नाही.”

“बकल गंजाचा नाय रे. पण तू बुडलंस तर? पाणी माझा नाय, पण बोर्ड माझो आसा. गावात नाव माझा जातला.”

अमोघने बोर्डांकडे मान वळवली. त्याने जबडा आवळला. तो असा गप्प झाला की मला त्याची भीती वाटत असे.

अमोघ माझा एकुलता मुलगा. महामार्गावरच्या एका अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा तो नुकता नोकरीला लागला होता. दोन वर्षे गेली. तो कृत्रिम पायावर चालायला शिकला, जिने चढायला शिकला. या सगळ्या काळात मी त्याच्या मागे चालत असे. जिन्यावर, बाजारात, देवळाच्या फरशीवर. एक पाऊल मागे आणि उजवा हात त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. तो हात त्याने कधी झिडकारला नाही, पण तो तिथे आहे हे तो कधी विसरलाही नाही.

मग भावनगरहून बोलावणे आले. जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची जागा. मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, क्रेनचे आकडे आणि साखळ्या बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागाचा प्रमुख होतो. मुदतीआधी निवृत्ती घ्यायची आणि त्याच्याबरोबर भावनगरला जाऊन राहायचे, असे मी ठरवून टाकले. अमोघ म्हणाला, मी एकटा जाणार. मी म्हणालो, तू एकटा जाणार नाहीस. त्यावर घरात जो अबोला झाला, तो पावसाळा सरला तरी सरेना. शेवटी माझी पत्नी कुमुद म्हणाली, समुद्रावर चार दिवस जाऊ, डोकी थंड होतील.

डोकी थंड झाली नाहीत. त्या सकाळी न्याहारीला बसलो असताना समोर काही तरुण मुले बोर्ड घेऊन लाटांवर उभी राहत होती, पडत होती. अमोघ बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

“बाबा,” तो म्हणाला, “एक लाट. एका लाटेवर मी उभा राहिलो, तर भावनगरला एकटा जाणार.”

“आणि नाही राहिलास तर?”

“तर तुम्ही चला. दोन खोल्यांची जागा बघा, तीन खोल्यांची बघा. मी तोंड उघडणार नाही.”

“तुमच्या भांडणात समुद्राला कशाला पंच नेमताय?” कुमुद म्हणाली. तिच्या पानातले घावन तसेच राहिले होते.

“कबूल,” मी म्हणालो. “पण बोर्ड मी निवडणार.”

अमोघ हात धुवायला उठला तेव्हा कुमुद माझ्याकडे वळली. “तुम्हाला तो पडायला हवाय, हे त्याला कळत नाही असं समजू नका.”

“बोर्ड मी योग्यच निवडेन.”

“तेच बघायला येतेय मी.”

म्हणून आम्ही तिघे हेमांगीच्या दुकानापाशी उभे होतो आणि ती नको म्हणत होती.

“बोर्ड तर दाखवाल?” मी विचारले. “द्यायचा की नाही ते मागाहून ठरवा.”

“बघा. बघण्याचे पैसे नाहीत.”

अमोघने आधीच एकावर नजर ठेवली होती. पांढरा, फायबरचा, सुरीसारखा निमुळता. “हा,” तो म्हणाला.

मी तो आडवा केला. रुंदी वितीने मोजली, कडा चाचपल्या, खालचा बाक डोळ्यासमोर धरून पाहिला. मग दुसरा घेतला. मग तिसरा. प्रत्येक बोर्ड वाळूवर ठेवून मी त्याच्या मध्यावर तळहाताने दाब देई आणि तो कुठे कलतो ते पाही.

“काका, बोर्ड घेताय की म्हैस?” हेमांगी म्हणाली.

“म्हैस घेताना दात तरी बघता येतात. याचं सगळंच झाकलेलं आहे.”

ती हसली. ते हसणे आमच्या उपयोगी पडले, असे मला आजही वाटते.

“तो पांढरा नको,” मी अमोघला म्हणालो. “अरुंद आहे. वजन जरा इकडचं तिकडे झालं की उलटणार. शिवाय कडक आहे. डोक्यात बसला तर फुटेल ते डोकंच.”

“मग कुठला?”

रांगेच्या टोकाला एक निळा, फोमचा, नऊ फुटी बोर्ड होता. रंग विटलेला, कडा बोथट, रुंदी सर्वांत जास्त. मी तो पुढे ओढला.

“हा? बाबा, हा दरवाजा आहे.”

“दरवाजावर उभं राहता येतं.”

“लहान पोरांना देतात हा.”

“आणि माकाय हयोच दिल्यानी पयल्या दिवशी,” हेमांगी मध्येच बोलली. “म्हाताऱ्यान बरोबर निवडल्यान. ह्या सगळ्यांतलो उभ्या रवणाऱ्याचो बोर्ड हयोच.”

कुमुद माझ्याकडे पाहत होती. मग ती बाकड्यावर जाऊन बसली.

हेमांगीने बोर्ड उलटा करून खालचे पंख हलवून पाहिले. आपण नको म्हणालो होतो हे ती बहुधा विसरली असावी, किंवा विसरल्याचे दाखवत असावी. मग तिने बोर्डाच्या शेपटीला अडकवलेली रबरी दोरी सोडवली. तिच्या टोकाला घोट्याभोवती आवळायचा जाड पट्टा होता.

“माणूस पडला तरी बोर्ड लांब जाऊ नये, म्हणून ही,” ती म्हणाली. “मागच्या पायाला बांधायची. तुझो मागचो पाय खंयचो?”

अमोघने खांदे उडवले. “उभा राहिल्यावर कळेल.”

“थांबा,” मी म्हणालो.

प्रश्न मला तेव्हाच दिसला. लाट फुटते तेव्हा ती बोर्डाला ओढते, बोर्ड दोरीला ओढतो आणि दोरी पायाला. अमोघचा डावा पाय एका पट्ट्यावर आणि रबराच्या पकडीवर उभा होता. ती पकड अंगाच्या वजनासाठी होती. बाहेर ओढणाऱ्या झटक्यासाठी नव्हती. दोरी डाव्याला बांधली, तर पहिल्याच मोठ्या लाटेत पाय जाईल आणि पायाबरोबर बोर्डही जाईल. खोल पाण्यात मग त्याच्यापाशी दोन्ही नाहीत.

मी हे मोजक्या शब्दांत सांगितले. हेमांगीच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

“म्हणजे दोरी उजव्याला,” ती सावकाश म्हणाली. “म्हणजे उजवो मागे, डावो पुढे.”

“मग तसा उभा राहीन,” अमोघ म्हणाला. “त्यात काय आहे?”

“त्यात सगळंच आहे,” हेमांगी म्हणाली. “कुठला पाय पुढे टाकायचा हे तू ठरवत नाहीस, तुझं अंग ठरवतं. लाट उचलते तेव्हा विचार करायला वेळ नसतो. अंग उजवा पुढे टाकणारं असेल, तर ऐन वेळी तू तोच टाकशील. दोरी पुढच्या पायात, पायाखालीच अडकणार. नाहीतर दोरी मागच्या डाव्याला बांधायची, आणि काका म्हणतात तसं होणार.”

“मग कळणार कसं?”

बोलता बोलता ती त्याच्या मागे गेली होती. तिने एकदम दोन्ही हातांनी त्याला ढकलले. पण अमोघने तिची सावली वाळूवर पाहिली होती. तो दोन्ही पायांवर घट्ट रोवून उभा राहिला, हललासुद्धा नाही.

“मेल्या, खांबासारखो उभो रवलंस तर आधी खंयचो पाय पुढे येता ता कसा कळतला?”

“तुम्ही ढकलणार हे कळलं मला.”

“सांगून ढकलला तर अंग खोटा बोलता,” ती पुटपुटली. मग समुद्राकडे तोंड करून म्हणाली, “भरती चढतेय. त्या काळ्या खडकाला पाणी लागलं की मी कोणालाच आत ठेवत नाही. काका, जरा इकडे या.”

माडाच्या आड नेऊन ती हळू आवाजात बोलली.

“तुम्ही ढकला.”

“मी?”

“मी परत गेलंय तर तो सावध होतलो. त्याची आई गेली तरी होतलो. तुमच्यावर त्याचो संशय येवचो नाय. मघापासून बघतंय मी. तुम्ही त्याच्या मागे मागे असता, हात असा धरून. तो तुमच्याकडे वळूनसुद्धा बघणा नाय. तुम्ही ढकलशात ह्या त्याच्या स्वप्नातसुद्धा नाय.”

“तो पडला तर?”

“वाळू आसा.”

“वाळूचं नाही विचारत मी.”

तिने माझ्याकडे नीट पाहिले. “उजवा पुढे आला, तर मी बोर्ड देणार नाही. पडला, तरी देणार नाही. डावा पुढे आला, तर दोरी उजव्याला बांधून मी स्वतः त्याला पाण्यात घेऊन जाईन. हीच माझी अट. पटत नसेल तर आत्ता परत जा.”

परत जाणे सोपे होते. बोर्ड मिळाला नाही एवढेच सांगायचे होते. लाट नाही, म्हणजे पैज नाही. आणि भावनगरचा प्रश्न जिथे होता तिथेच, म्हणजे माझ्या बाजूने. मी माडाच्या बुंध्याला हात लावून उभा राहिलो. पाणी वर सरकत होते.

चालायला शिकवणाऱ्या केंद्रात अमोघ पहिल्यांदा पडला होता तेव्हा मी दाराशी होतो. तो तोंडावर पडला. त्याला लागले नव्हते. पण त्यानंतर त्याने आठवडाभर पाय बांधू दिला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून होता. तो पुन्हा पडू नये यासाठीच मी मागे चालायला लागलो होतो.

मी वाळूवर आलो. अमोघ बोर्डापाशी उभा होता.

“काय म्हणतात त्या?”

“म्हणतात, आधी पाण्याच्या कडेने थोडं चालून बघ. ओल्या वाळूत पाय कसा पडतो ते त्यांना बघायचंय.”

“चला.”

तो पुढे निघाला. मी मागे, नेहमीप्रमाणे. ओली वाळू घट्ट होती. उजव्या पावलाची बोटे उमटत, डाव्याचा सपाट ठसा उमटे. कुमुद बाकड्यावरून उठून उभी राहिली होती. तिला काही ठाऊक नव्हते, पण हेमांगी ज्या नजरेने आमच्याकडे बघत होती त्यावरून तिला काहीतरी जाणवले असावे.

“बाबा,” अमोघ वळून न बघता म्हणाला.

“हं.”

“बोर्ड तुम्ही वाईट निवडणार असं मला वाटलं होतं. सॉरी.”

मी त्याच्या ठशांमागून चालत राहिलो.

“आणि एक सांगू? भावनगरला मला तुमचा कंटाळा येईल म्हणून मी नको म्हणत नाहीये. तुम्ही मागे असलात की मला कळतच नाही, मी चालतोय की तुम्ही. एवढंच आहे. पण जाऊ दे. तुम्ही मागे असलात की एक बरं असतं, पडायची काळजी कर—”

मी त्याला ढकलले.

दोन्ही तळहात, पाठीच्या मधोमध. त्याच्या तोंडातला शब्द तुटला. हात हवेत गेले, धड पुढे झुकले. मग त्याचा पाय पुढे आला आणि वाळूत रुतला.

तो पडला नाही. गुडघा वाकला, सरळ झाला. तो तसाच, एक पाय पुढे टाकून, उभा राहिला. नंतर सावकाश मागे वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाबा? तुम्ही?”

“अहो, वेड लागलं का तुम्हाला!” कुमुद ओरडत धावत येत होती.

“डावा,” मी म्हणालो.

“काय?”

“डावा पुढे आला.”

अमोघने खाली पाहिले. वाळूत रुतलेले रबरी पाऊल, आणि मागे चवड्यावर उचललेला त्याचा स्वतःचा पाय. तो असा बघत होता, जणू ते पाय दुसऱ्या कोणाचे होते.

“मी उजवा टाकेन असं वाटलं होतं मला,” तो म्हणाला.

“मलाही.”

हेमांगी बोर्ड काखेत घेऊन पाण्याकडे निघालीसुद्धा होती. “चल रे! भरती काय बापाशीची चाकर नाय, थांबाक!”

तिने दोरी त्याच्या उजव्या घोट्याला आवळली, दोनदा ओढून पाहिली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि ती दोघे लाटांत शिरली.

त्यानंतर जे झाले ते पाहणे सोपे नव्हते. मला पोहता येत नाही. मी घोटाभर पाण्यात उभा होतो. हेमांगी बोर्ड लाटेसमोर धरी, अमोघ पोटावर पडे, ती ढकले, लाट त्याला उचले, आणि हात टेकून तो उठू लागताच बोर्ड एकीकडे आणि तो दुसरीकडे. परत. पुन्हा परत. खारे पाणी थुंकत तो वर येई, दोरी ओढून बोर्ड जवळ घेई आणि तिच्याकडे जाई. कुमुदने माझा दंड धरला होता. तिची नखे रुतत होती.

मग एक मोठी लाट आली. हेमांगीने हात उंचावून नको अशी खूण केली, पण उशीर झाला होता. लाट अमोघवर फुटली. निळा बोर्ड उभा हवेत गेला, आडवा आपटला, आणि त्याच्याजवळ कोणीच नव्हते. नुसता फेस.

“अहो, तो कुठाय? अहो!”

मी पुढे गेलो. पाणी मांडीपर्यंत आले, तळची वाळू पायाखालून ओढली जाऊ लागली. बोर्ड तरंगत होता, पण मोकळा तरंगत नव्हता. झटके खात होता. दोरी ताणलेली होती. ती कशाला तरी धरून होती. मी त्या ताणाकडे बघत राहिलो.

फेसातून डोके वर आले. मग हात. अमोघने बोर्डाला मिठी मारली, खोकला, आणि मला पाण्यात उभा पाहून त्याने तळवा माझ्याकडे केला. थांबा, अशी ती खूण होती.

मी थांबलो.

तो अजून दोनदा गेला. दुसऱ्यांदा लाट चांगली होती, लांब आणि सरळ. तो हातांवर उठला, डावा पाय पुढे आला, तो एका गुडघ्यावर आला. हात पसरलेले, मान ताठ. तसाच गुडघ्यावर तो आमच्याकडे येत राहिला, आणि मला वाटले आता उठेल, आता उठेल. कुमुद श्वास धरून होती. पण लाटेचा जोर सरला. बोर्ड उथळ पाण्यात येऊन वाळूला घासला आणि अमोघ कुशीवर कलंडला.

काळ्या खडकाला पाणी लागले होते. हेमांगीने शीळ घातली.

तो बाहेर आला. डोळे लाल, कोपर सोललेले, पाय मात्र जागच्या जागी. दोरी सोडून त्याने बोर्ड वाळूवर ठेवला आणि तो माझ्यासमोर उभा राहिला.

“नाही राहिलो उभा,” तो म्हणाला. आवाजात चिडचिड नव्हती. “गुडघा धरत नाही. पैज म्हणजे पैज. दोन खोल्यांची जागा बघा.”

“उद्या परत ये,” हेमांगी म्हणाली. “दोन दिवसांत उभो करतंय तुका.”

“उद्या येईनच. पण पैज आजची होती.” तो माझ्याकडेच बघत होता. “चला तुम्ही, बाबा. मी तक्रार करणार नाही म्हणालो होतो.”

“मी येत नाही,” मी म्हणालो.

“का? मी हरलो ना?”

“हरलास.”

“मग?”

मी आयुष्यभर सांगण्याचे नव्हे, तपासण्याचे काम केले.

“क्रेनचा आकडा पास करण्याआधी आम्ही त्याला जो भार लावतो,” मी म्हणालो, “तो त्याच्या रोजच्या कामापेक्षा जास्त असतो. तिथे हात राखला, तर ती तपासणी नव्हे.”

“त्याचं काय?”

“अमोघ, मघाशी तुला मी हळू ढकललं नव्हतं. तरी तू पडला नाहीस.”

त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होते. ते समुद्राचे होते की आणखी कसले, हे मी तपासले नाही. मग त्याने वाकून तो भला मोठा निळा बोर्ड उचलला, डोक्यावर घेतला आणि तो गोड्या पाण्याने धुवायला दुकानाकडे निघाला. कोरड्या, भुसभुशीत वाळूत तो एकदा डगमगला आणि सावरला.

मी जिथे होतो तिथेच राहिलो.

कुमुद टॉवेल अंथरून बसली होती. तिने तो थोडा बाजूला ओढून जागा केली.

“बसा आता,” ती म्हणाली.

मी बसलो.